मरायला इटलीत गेलेला डॉक्टर ७५ वर्षं जगला!

टाईप १ मधुमेहात व्यायाम केला की साखर झपाट्याने का घसरते? याचा अभ्यास करणारा एक डॉक्टर स्वतःच या आजाराचा रुग्ण होता.

रॉबिन लॉरेन्स यांचा जन्म १८९२ चा, स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनचा. १९२० मध्ये शस्त्रक्रियेचा सराव करताना हाडाची कपची त्यांच्या डोळ्यात उडाली. त्यावरच्या उपचारांदरम्यान मधुमेह असल्याचं कळलं. तेव्हा इन्सुलिन नव्हतं, म्हणजे मरण ठरलेलंच. घरच्यांच्या डोळ्यांसमोर ते नको, म्हणून लॉरेन्स इटलीत फ्लॉरेन्सला गेले.

मे १९२३ मध्ये लंडनहून सहकाऱ्याचा निरोप आला : इन्सुलिन मिळालंय, लगेच परत या. खंगलेल्या अवस्थेत ते लंडनला पोहोचले आणि वाचले.

१९२६ मध्ये त्यांनी दाखवून दिलं की, व्यायामामुळे इन्सुलिनचा परिणाम वाढतो. कारण काम करणारे स्नायू रक्तातली साखर जास्त ओढतात आणि टोचलेलं इन्सुलिन शरीराला मध्येच थांबवता येत नाही. उलट इन्सुलिन फारच कमी पडलं असेल, तर व्यायामाने साखर वाढूही शकते.

म्हणूनच चौकहून इर्शाळगड चढायला निघालेल्या टाईप १ च्या ट्रेकरने आधी साखर तपासावी, खिशात ग्लुकोज ठेवावं आणि डोस किती कमी करायचा हे डॉक्टरांना विचारावं. साखर त्या रात्री झोपेतही घसरू शकते, हे सोबत्यांनाही माहीत हवं.

१९३४ मध्ये लेखक एच. जी. वेल्स यांच्यासोबत लॉरेन्स यांनी मधुमेहींची संघटना उभारली. १९६८ मध्ये त्यांचं निधन झालं. इन्सुलिनने त्यांना ४५ वर्षं दिली होती.