प्रिया तेंडुलकर : जाब विचारणाऱ्या गृहिणीचा चेहरा

बेंगळुरू, १९ सप्टेंबर (वृत्तसेवा) : दूरचित्रवाणीवर एकच वाहिनी होती, त्या काळात 'रजनी' या नावाने देशभर ओळखल्या गेलेल्या अभिनेत्री व लेखिका प्रिया तेंडुलकर यांचा आज स्मृतिदिन. १९ सप्टेंबर २००२ रोजी मुंबईत वयाच्या अवघ्या ४७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. मराठी, हिंदी आणि कन्नड चित्रपट, रंगभूमी, मालिका, चर्चात्मक कार्यक्रम आणि कथालेखन असा त्यांच्या कामाचा विस्तार होता. तरीही लोकांच्या स्मरणात राहिली ती मुख्यतः एकच व्यक्तिरेखा. या व्यक्तिरेखेने त्यांना अफाट लोकप्रियता दिली आणि त्यांच्या इतर कामावर सावलीही धरली.

प्रिया यांचा जन्म १९ ऑक्टोबर १९५४ रोजी झाला. ज्येष्ठ नाटककार विजय तेंडुलकर आणि निर्मला तेंडुलकर यांच्या त्या कन्या. त्यांचे बालपण व तारुण्य ज्या घरात गेले, तेथे नाटक हा केवळ करमणुकीचा विषय नव्हता. 'शांतता! कोर्ट चालू आहे', 'गिधाडे', 'सखाराम बाइंडर', 'घाशीराम कोतवाल' ही नाटके १९६७ ते १९७२ या काळात रंगमंचावर आली आणि त्यांतील काहींवरून मोठे वादंग उठले. सेन्सॉरशी संघर्ष, न्यायालयीन लढे आणि समाजाचा रोष यांची झळ या कुटुंबाने जवळून अनुभवली. प्रस्थापिताला प्रश्न विचारणे म्हणजे काय आणि त्याची किंमत कशी मोजावी लागते, याचे धडे प्रिया यांना घरातच मिळाले.

मात्र वडिलांच्या नावाचा आधार घेऊन त्या थेट अभिनयाकडे वळल्या नाहीत. पंचतारांकित हॉटेलातील स्वागतिका, हवाई सुंदरी, मॉडेल, वृत्तनिवेदिका अशी निरनिराळी कामे त्यांनी केली. गिरीश कार्नाड यांच्या 'हयवदन' या नाटकात बोलक्या बाहुलीची छोटी भूमिका त्यांच्या वाट्याला आली होती. पुढे वडिलांच्या काही नाटकांतूनही त्या रंगमंचावर दिसल्या.

चित्रपटसृष्टीत त्यांचा प्रवेश झाला तो १९७४ साली, श्याम बेनेगल यांच्या 'अंकुर'मधून. शबाना आझमी यांच्या कारकिर्दीचा आरंभ करणाऱ्या या चित्रपटात प्रिया यांनी जमीनदारपुत्राच्या तरुण पत्नीची भूमिका केली. पतीच्या भूमिकेत अनंत नाग होते. सासरी येताच घरातील मोलकरणीविषयी साशंक होणारी ही नववधू पटकथेत फार काळ दिसत नाही. परंतु आपले घर, आपला संसार यांवर हक्क सांगणारी तिची ताठर नजर लक्षात राहणारी होती.

अनंत नाग यांच्यासोबतच्या या कामाचा धागा काही वर्षांनी कर्नाटकात पुन्हा जुळला. अनंत यांचे धाकटे बंधू शंकर नाग यांनी दिग्दर्शनात पदार्पण केले ते 'मिंचिन ओट' या १९८० च्या कन्नड चित्रपटातून. मोटारी चोरणाऱ्या टोळीची ही कथा. नाग बंधूंसह लोकनाथ हे प्रमुख भूमिकांत होते आणि नायिका म्हणून प्रिया तेंडुलकर यांची निवड झाली. मूळच्या कोकणी भाषक नाग बंधूंची जडणघडण मुंबईच्या रंगभूमीवर झाली होती. शंकर नाग हे '२२ जून १८९७' या मराठी चित्रपटाशीही निगडित होते. मुंबई आणि बेंगळुरूमधील कलावंतांची अशी देवघेव त्या काळात सहज होत असे. समांतर चित्रपटाला प्रेक्षक मिळवून देण्यात चित्रपट संस्थांचाही वाटा होता. आज बेंगळुरूच्या बनशंकरी भागात संकुल असलेली आणि १९७१ मध्ये स्थापन झालेली सुचित्रा फिल्म सोसायटी ही या चळवळीतील एक प्रमुख संस्था.

ऐंशीच्या दशकात 'गोंधळात गोंधळ', 'थोरली जाऊ' यांसारख्या मराठी चित्रपटांतून प्रिया तेंडुलकर महाराष्ट्रातील घराघरांत पोहोचल्या. तथापि त्यांच्या आयुष्याला निर्णायक वळण मिळाले ते १९८५ मध्ये.

'हम लोग' या मालिकेने १९८४ मध्ये दूरदर्शनवर मालिकांचे नवे युग सुरू केले होते. पाठोपाठ बासू चटर्जी यांनी 'रजनी' ही मालिका आणली. या भूमिकेसाठी आधी पद्मिनी कोल्हापुरे यांचे नाव होते. अखेर ती प्रिया यांच्याकडे आली. रजनी ही मध्यमवर्गीय गृहिणी. तिच्याकडे ना पद, ना सत्ता, ना ओळखीपाळखी. गॅसचा सिलिंडर वेळेवर न देणारा वितरक, भाडे नाकारणारा टॅक्सीचालक, खेटे घालायला लावणारा सरकारी कारकून अशा रोजच्या माणसांसमोर ती उभी राही आणि शांतपणे नियम विचारी. समोरच्याने टोलवाटोलवी केली की तिचा आवाज चढे. भागाच्या शेवटी प्रश्न बहुधा सुटत असे.

मालिकेचे यश या साधेपणात होते. गॅसजोडणीसाठी आणि दूरध्वनीसाठी वर्षानुवर्षे प्रतीक्षा यादीत राहणारा तो समाज होता. मक्तेदारीच्या व्यवस्थेत ग्राहक हा याचक ठरला होता. त्याच्या मनात साचलेला संताप रजनीच्या तोंडून बाहेर पडला. प्रिया यांनी तिला आक्रस्ताळी होऊ दिले नाही. नीटनेटकी साडी, थेट रोखलेली नजर आणि स्पष्ट उच्चार एवढ्या बळावर त्यांनी तिला शेजारच्या घरातील बाई बनवले. मालिकेत तिच्या पतीची भूमिका करण राझदान यांनी केली होती. त्यांनी मालिकेच्या लेखनातही भाग घेतला. पुढे १९८८ मध्ये दोघे विवाहबद्ध झाले. १९९५ मध्ये ते विभक्त झाले.

ज्यांच्यावर रजनीने बोट ठेवले, ते गप्प बसले नाहीत. टॅक्सीचालकांवरील भागानंतर मुंबईतील चालकांनी निदर्शने केली. गॅस वितरकांनीही नाराजी व्यक्त केली. एका काल्पनिक गृहिणीने खऱ्या व्यवसायांना अस्वस्थ केले, हे भारतीय दूरचित्रवाणीला नवे होते. १९८६ च्या डिसेंबरमध्ये संसदेने ग्राहक संरक्षण कायदा संमत केला. त्यामागे ग्राहक चळवळीचे दीर्घ परिश्रम होते आणि त्याचे श्रेय एखाद्या मालिकेला देता येणार नाही. मात्र ग्राहकाला हक्क असतात, ही जाणीव सामान्य घरांपर्यंत नेण्यात रजनीचा वाटा निश्चितच होता.

या यशाची दुसरी बाजू अभिनेत्रीला सोसावी लागली. प्रेक्षक प्रिया तेंडुलकर यांच्यात रजनीलाच शोधत राहिले. पडद्यावरील कणखर स्त्रीने प्रत्यक्षातही प्रत्येक अन्यायावर तुटून पडावे, अशी अपेक्षा बाळगली जाऊ लागली. वेगळ्या छटांच्या भूमिका त्यांच्याकडे क्वचितच आल्या. नव्वदच्या दशकात हिंदी चित्रपटांत त्या चरित्र भूमिकांपुरत्या दिसल्या. 'त्रिमूर्ती' आणि 'गुप्त' ही त्यांतील ठळक नावे.

उपग्रह वाहिन्यांच्या आगमनानंतर त्यांनी त्याच प्रतिमेचा उपयोग नव्या प्रकारे केला. 'प्रिया तेंडुलकर टॉक शो' आणि 'जिम्मेदार कौन' या कार्यक्रमांतून त्या सूत्रसंचालक म्हणून समोर आल्या. आता पटकथा नव्हती आणि प्रश्न सुटण्याची हमीही नव्हती. सामाजिक विषयांवर परस्परविरोधी मते असलेली माणसे समोर बसवून त्या त्यांना बोलते करीत. १९९५ मध्ये सुरू झालेल्या 'हम पांच' या विनोदी मालिकेत मात्र त्यांनी स्वतःच्या करारी प्रतिमेला हसत हसत छेद दिला. अशोक सराफ यांच्या व्यक्तिरेखेची दिवंगत पहिली पत्नी भिंतीवरील तसबिरीतून त्याच्याशी बोलते, ही ती भूमिका. चौकटीत बसून केवळ चेहरा आणि आवाज यांवर त्यांनी ती रंगवली.

त्यांची लेखणी मात्र अभिनयाच्या तुलनेत दुर्लक्षित राहिली. 'ज्याचा त्याचा प्रश्न', 'जन्मलेल्या प्रत्येकाला', 'असंही', 'पंचतारांकित' ही त्यांची पुस्तके मराठीत प्रसिद्ध आहेत. तेंडुलकर या नावाने लिहिताना वडिलांशी तुलना अटळ होती. तरीही त्यांनी स्वतःचे लेखन चालू ठेवले. पडद्यावरील रजनीकडे प्रत्येक प्रश्नाचे उत्तर होते. लेखिकेला तशी सक्ती नव्हती.

अखेरच्या काळात त्या स्तनाच्या कर्करोगाशी झुंजत होत्या. हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. आदल्याच वर्षी पत्नी आणि पुत्र गमावलेल्या विजय तेंडुलकर यांच्यावर हा आणखी एक आघात होता. त्यानंतर सुमारे साडेपाच वर्षांनी, १९ मे २००८ रोजी, त्यांचेही पुण्यात निधन झाले.

१९८६ च्या ग्राहक कायद्याची जागा आता २०१९ च्या कायद्याने घेतली आहे आणि तक्रार घरबसल्या ऑनलाइन नोंदवता येते. रजनीला मात्र प्रत्येक वेळी पदर खोचून कार्यालयाची पायरी चढावी लागत असे. त्या पायऱ्या चढणारी बाई देशाला आपली वाटली, ती प्रिया तेंडुलकर यांच्यामुळे.