पाठमोरा बसलेला कर्नल

मर्फीज् लॉ आपल्या हॉस्टेलमध्ये कुणाला ठाऊक नाही? सबमिशनच्या आदल्या रात्रीच प्रिंटर बंद पडतो! पण हा लॉ ज्या प्रोजेक्टमधून आला, त्याचे हिरो कर्नल जॉन स्टॅप फारसे कुणाला माहीत नसतात.

जन्म १९१० चा, ब्राझीलमधला, आईवडील मिशनरी. शिक्षणाने डॉक्टर, नोकरी अमेरिकन हवाई दलात. अचानक ब्रेक लागला तर माणसाचं शरीर किती सहन करतं, हा त्यांचा प्रश्न. उत्तर शोधायला ते स्वतःच रॉकेट स्लेडवर बसले. १९४७ ची पहिली राईड पाठमोरी होती. १० डिसेंबर १९५४ ला तर ताशी १,०१७ किलोमीटरवरून दीड सेकंदाच्या आत थांबले. ४६.२ जी! डोळ्यांत रक्त उतरलं, काही वेळ दिसेना. पण वाचले, कारण पट्टे घट्ट होते.

मग ते कारच्या सीटबेल्टच्या मागे लागले. १९६६ मध्ये अमेरिकेच्या वाहनसुरक्षा कायद्यावर सही झाली, तेव्हा ते हजर होते. १९९९ मध्ये, वयाच्या ८९व्या वर्षी ते गेले.

पाठमोरं बसलं की धक्का सगळ्या पाठीवर वाटला जातो. लहान मुलाचं डोकं जड, मान नाजूक. म्हणून स्वीडनच्या डॉ. बर्टिल आल्डमन यांनी साठच्या दशकात मुलांची पाठमोरी सीट बनवली. तिथे चार वर्षांपर्यंतची मुलंही तशीच बसवतात.

आपल्याकडे २०१९ च्या कायद्याने १४ वर्षांखालचं मूल बेल्ट किंवा चाइल्ड सीटशिवाय नेलं तर हजार रुपये दंड आहे. तरी माझी वहिनी पिल्लूला पुढे मांडीवरच घेते. दिवाळीत घरी गेलो की दादाशी भांडणार आहे!