शांतिपरिषद ते सरहद्द : राष्ट्रसंतांची वाटचाल

विदर्भाच्या संतपरंपरेत राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे स्थान आगळे आहे. ग्रामगीतेचे कर्ते आणि खंजिरीच्या ठेक्यावर खेडी जागवणारे भजनकार म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. जपानमधील शांतिपरिषदेला गेलेला हा संत पुढे शेजारी राष्ट्रांशी युद्ध पेटले तेव्हा सरहद्दीवर जवानांपुढेही उभा राहिला, याचे स्मरण मात्र तुलनेने कमी होते.

अमरावती जिल्ह्यातील यावली येथे ३० एप्रिल १९०९ रोजी एका गरीब घरात महाराजांचा जन्म झाला. मूळ नाव माणिक. वरखेडच्या आडकोजी महाराजांनी त्यांचे नाव तुकड्या ठेवले आणि तेच पुढे लोकांच्या ओठी रुळले. शालेय शिक्षण जेमतेम. खरे शिक्षण झाले ते सालबर्डी, रामदेगीच्या रानात आणि गावोगावच्या भटकंतीत. १९३५ साली नागपूर-अमरावती मार्गावरील मोझरी येथे त्यांनी गुरुकुंज आश्रम स्थापन केला. जातिधर्माचा भेद बाजूला ठेवून सर्वांनी एकत्र बसून करावयाची सामुदायिक प्रार्थना हे या आश्रमाचे अधिष्ठान ठरले.

१९३६ साली महाराजांना सेवाग्राम येथे महात्मा गांधींचा सहवास लाभला. मात्र अहिंसेचा हा संस्कार त्यांना अन्यायापुढे स्वस्थ बसवणारा नव्हता. ऑगस्ट १९४२ मध्ये चिमूर व आष्टी येथे जनक्षोभ उसळला. महाराजांच्या भजनांनी लोकांना चेतवल्याचा ठपका ठेवून ब्रिटिश सरकारने त्यांना अटक केली. नागपूर व रायपूरच्या तुरुंगांत काही महिने काढल्यावर त्यांची सुटका झाली.

जपानचे निमंत्रण

स्वातंत्र्यानंतर १९५५ साली महाराज विश्वधर्म व विश्वशांती परिषदेसाठी जपानला गेले. हिरोशिमा आणि नागासाकीच्या संहाराला तेव्हा अवघी दहा वर्षे झाली होती. भारताने १९५२ साली जपानशी स्वतंत्र शांतता करार करून युद्धभरपाईचा हक्क सोडला होता. पराभूत राष्ट्राला सन्मानाने जवळ करण्याच्या या धोरणानंतर तीनच वर्षांनी वऱ्हाडातला एक संत खंजिरी घेऊन त्या भूमीवर उभा राहिला. १९५४ साली भारत व चीन यांनी पंचशील तत्त्वे मान्य केली होती. त्यामुळे आशियातील शेजारी सलोख्याने नांदतील, अशी आशा त्या काळी सर्वत्र होती.

ही आशा १९६२ साली कोसळली. २० ऑक्टोबरला चीनने आक्रमण केले आणि महिनाभराने एकतर्फी युद्धबंदी जाहीर झाली. यशवंतराव चव्हाणांना मुंबई सोडून दिल्लीत संरक्षण खाते सांभाळावे लागले. देश खचला असताना महाराज सीमेवर गेले आणि वीरगीते गाऊन त्यांनी जवानांना धीर दिला. १९६५ च्या भारत-पाकिस्तान युद्धातही त्यांनी हेच केले.

रक्षण आणि सलोखा

शांतिपरिषदेला जाणारा संत रणभूमीवर कसा गेला, असा प्रश्न कोणाला पडू शकेल. त्याचे उत्तर ग्रामगीतेत शोधता येते. या ग्रंथात प्रेमधर्माचा विचार जितक्या तळमळीने येतो, तितक्याच गांभीर्याने ग्रामरक्षणावर स्वतंत्र अध्याय येतो. जे गाव स्वतःचे रक्षण करू शकत नाही, त्याच्या सलोख्याला भीतीचा वास येतो. आणि जे केवळ लाठ्या परजते, त्याला शेजारी उरत नाही. राष्ट्रांनाही हाच न्याय लागू पडतो.

१९६५ च्या युद्धानंतर घडलेही तसेच. २३ सप्टेंबरला शस्त्रसंधी झाली आणि १० जानेवारी १९६६ रोजी सोव्हिएत रशियाच्या पुढाकाराने ताश्कंद करार झाला. सैन्य ५ ऑगस्ट १९६५ पूर्वीच्या जागी नेणे, युद्धकैद्यांची परतफेड, उच्चायुक्तांचे पुनरागमन आणि परस्परांविरुद्धच्या अपप्रचाराला आळा या बाबी त्यात होत्या. संरक्षणमंत्री यशवंतराव तेव्हा ताश्कंदला उपस्थित होते. कराराच्या रात्रीच लालबहादूर शास्त्रींचे निधन झाले.

महाराजांनी ११ ऑक्टोबर १९६८ रोजी गुरुकुंजात देह ठेवला. चीनशी संवादाची वाट पुन्हा खुली झालेली पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. दोन्ही देशांचे राजदूत १९७६ साली परतले आणि प्रत्यक्ष नियंत्रण रेषेवर शांतता राखण्याचा करार १९९३ साली झाला. तरीही २०२० साली गलवान खोऱ्यात रक्त सांडले. राजधान्यांत झालेले करार आवश्यक असतातच. पण मनातला अविश्वास केवळ स्वाक्षऱ्यांनी पुसला जात नाही.

आश्विन वद्य पंचमीला महाराजांच्या पुण्यतिथीनिमित्त मोझरीत लाखोंचा समुदाय मौन पाळून श्रद्धांजली वाहतो. विविध पंथांचे, धर्मांचे लोक तिथे खांद्याला खांदा लावून उभे असतात. शेजाऱ्याशी नाते जोडण्याची सुरुवात अशी आपल्याच गावाच्या वेशीच्या आत होते, हा राष्ट्रसंतांच्या जीवनाचा बोध आहे. तो जितका खेड्यांसाठी आहे, तितकाच राष्ट्रांसाठीही.