जीवनाच्या रेणूंचा वेध घेणारा एमिल फिशर

अकरावी-बारावीच्या रसायनशास्त्राच्या पुस्तकात ग्लुकोजचा रेणू एका उभ्या रेषेच्या आकृतीने दाखवलेला असतो. रेषेवर कार्बनचे अणू आणि त्यांच्या डाव्या-उजव्या बाजूंना हायड्रोजन व हायड्रॉक्सिल गट. या आकृतीला ‘फिशर प्रक्षेपण’ म्हणतात. परीक्षेतील दोन-तीन गुणांसाठी ती पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याला या नावामागचा माणूस क्वचितच भेटतो. शर्करा, प्रथिने आणि आनुवंशिक द्रव्यातील प्युरिने या तिन्हींच्या रसायनशास्त्राचा पाया ज्यांनी रचला, ते जर्मन शास्त्रज्ञ एमिल फिशर हेच. सेंद्रिय रसायनशास्त्रातून जीवरसायनशास्त्राकडे जाणारी वाट त्यांनी रुंद केली. मात्र त्या वाटेवर त्यांना आपले आरोग्य गमवावे लागले, आणि ज्या राष्ट्राच्या सेवेत त्यांनी आपले शास्त्र रुजू केले, त्याच्याच युद्धकाळात दोन मुलगेही गमवावे लागले.

फिशर यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८५२ रोजी जर्मनीतील ऱ्हाइन प्रांतात, कोलोनजवळच्या ऑयस्कीर्शेन या गावी झाला. वडील लॉरेन्झ फिशर हे यशस्वी व्यापारी होते. घरात पाच मुली आणि हा एकुलता एक मुलगा. साहजिकच त्याने व्यवसाय सांभाळावा, अशी वडिलांची इच्छा होती. त्यांनी त्याला लाकडाच्या व्यापारात घातलेही. पण हिशेबाच्या वह्यांत मुलाचे मन रमेना. धंद्याला हा मुलगा उपयोगाचा नाही, तेव्हा शिकू द्यावे, असा निर्णय अखेर वडिलांनी घेतला.

१८७१ साली फिशर बॉन विद्यापीठात दाखल झाले. बेंझिनच्या वलयाकार रचनेमुळे प्रसिद्धी पावलेले ऑगस्ट केकुले तेथे शिकवत होते. तरीही फिशर यांचा ओढा भौतिकशास्त्राकडेच होता. पुढल्या वर्षी ते स्ट्रासबर्गला गेले. तेथे चुलतभाऊ ओटो फिशर याच्या आग्रहामुळे ते रसायनशास्त्रात टिकून राहिले आणि अडॉल्फ फॉन बायर या श्रेष्ठ रसायनशास्त्रज्ञाचे शिष्य झाले. १८७४ साली रंगद्रव्यांवरील संशोधनासाठी त्यांना डॉक्टरेट मिळाली. गुरू १८७५ साली म्युनिकला गेले, तेव्हा शिष्यही त्यांच्यापाठोपाठ गेला.

त्याच वर्षी फिशर यांच्या हाती एक नवे संयुग लागले. त्याचे नाव फेनिल हायड्राझिन. पिवळसर, तेलकट असा हा पदार्थ पुढे त्यांच्या कीर्तीचे साधन ठरला आणि त्यांच्या आजारपणाचे कारणही.

पाकातून स्फटिकाकडे

या शोधाचे महत्त्व कळण्यासाठी त्या काळातील रसायनशास्त्राची अवस्था ध्यानात घ्यावी लागते. १८२८ साली फ्रीडरिख व्होलर यांनी प्रयोगशाळेत युरिया तयार केला आणि सजीवांतील पदार्थ निर्माण होण्यास एखादी गूढ प्राणशक्तीच लागते, या समजुतीला तडा गेला. पण युरिया हा अगदी लहान रेणू. शर्करा आणि प्रथिने यांच्यासारखे सजीवांचे खरे घटक मात्र रसायनशास्त्रज्ञांना दाद देत नव्हते. शर्करांची अडचण तर अगदी व्यावहारिक होती. शर्करांची मिश्रणे प्रयोगशाळेत आटवली, की बहुधा चिकट पाकच हाती येई. पाकाचे शुद्धीकरण कसे करायचे आणि एक शर्करा दुसरीपासून वेगळी कशी ओळखायची, हेच कोडे होते.

१८८४ साली फिशर यांच्या लक्षात आले, की शर्करेचे द्रावण फेनिल हायड्राझिनबरोबर तापवले असता पिवळे, सुबक स्फटिक मिळतात. या संयुगांना ओसाझोन असे नाव मिळाले. स्फटिक मिळाला, की तो शुद्ध करता येतो आणि त्याचा वितळणबिंदू मोजून शर्करा ओळखता येते. हीच ओसाझोन चाचणी आपल्याकडील जीवरसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकांतून विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांनी केली आहे. सूक्ष्मदर्शकाखाली ग्लुकोजच्या ओसाझोनचे स्फटिक सुयांच्या जुडग्यासारखे, माल्टोजचे सूर्यफुलासारखे, तर लॅक्टोजचे कापसाच्या बोळ्यासारखे दिसतात.

या चाचणीतून आणखी एक गोष्ट उलगडली. ग्लुकोज, फ्रुक्टोज आणि मॅनोज या तीन भिन्न शर्करा एकच ओसाझोन देतात. ही अभिक्रिया साखळीतील पहिल्या दोन कार्बनांवरच घडते. म्हणजेच या तिघींतील फरक त्या दोन कार्बनांपुरताच असून उरलेला भाग सारखा आहे, असा निष्कर्ष फिशर यांनी काढला.

पुढचा प्रश्न अधिक अवघड होता. ग्लुकोजच्या रेणूत ६ कार्बन, १२ हायड्रोजन आणि ६ ऑक्सिजन अणू असतात. हेच अणू त्याच क्रमाने जोडूनही अनेक वेगवेगळ्या शर्करा होऊ शकतात. व्हॅन्ट हॉफ यांनी १८७४ साली मांडले होते, की चार वेगवेगळे गट जोडलेल्या कार्बनभोवती ते गट दोन प्रकारे रचता येतात. डावा आणि उजवा हात असावा तसे. ग्लुकोजच्या साखळीत असे चार कार्बन आहेत. प्रत्येकाचे दोन पर्याय धरले, तर एकूण १६ रचना संभवतात. त्यांपैकी ग्लुकोजची कोणती? रेणू डोळ्यांना दिसत नव्हता आणि क्ष-किरणांचा शोधही अजून लागायचा होता. फिशर यांनी शर्करांची साखळी एका कार्बनाने वाढवून, तिची टोके बदलून आणि मिळालेले पदार्थ प्रकाशाचे प्रतल फिरवतात की नाही हे पाहून एकेक पर्याय बाद केला. १८९० साली त्यांनी ग्लिसरॉलसारख्या साध्या पदार्थापासून ग्लुकोज तयार करून दाखवले आणि १८९१ साली त्याची रचना जाहीर केली.

एका ठिकाणी मात्र त्यांना गृहीतकाचा आधार घ्यावा लागला. रेणू आणि त्याचे आरशातील प्रतिबिंब यांपैकी नेमके कोणते खरे, हे ठरवण्याचा मार्ग तेव्हा उपलब्ध नव्हता. फिशर यांनी त्यातील एक रचना निवडली. १९५१ साली डच शास्त्रज्ञ बाइवोट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने टार्टारिक आम्लाची खरी रचना निश्चित केली, तेव्हा फिशर यांची निवडही अचूक असल्याचे सिद्ध झाले.

कुलूप आणि किल्ली

दरम्यान फिशर यांनी एर्लांगेन आणि वुर्झबर्ग येथे प्राध्यापकपद भूषवले होते. १८८३ साली एका बड्या रंगनिर्मिती कंपनीने संशोधन शाळेच्या प्रमुखपदाचा प्रस्ताव त्यांच्यापुढे ठेवला. तो नाकारून ते विद्यापीठातच राहिले. १८९२ साली बर्लिन विद्यापीठात हॉफमन यांच्या जागी त्यांची निवड झाली. देशातील रसायनशास्त्राच्या अध्यापनाचे हे सर्वांत मानाचे पद होते.

बर्लिनमध्ये असतानाच १८९४ साली त्यांनी आज शाळकरी मुलांनाही माहीत असलेली कल्पना मांडली. ग्लुकोजपासून बनलेली दोन संयुगे त्यांनी घेतली. दोन्हींतील अणू तेच, जोडणीही तीच. फरक होता तो केवळ एका गटाच्या दिशेचा. बदामातील विकर त्यांतील एकाचेच विघटन करी, तर यीस्टमधील विकर फक्त दुसऱ्याचे. यावरून विकर आणि त्याचा पदार्थ यांचे आकार कुलूप-किल्लीप्रमाणे एकमेकांत बसावे लागतात, असे फिशर यांनी प्रतिपादन केले. सजीवांच्या शरीरात रेणूत कोणते अणू आहेत याइतकेच त्यांची अवकाशातील मांडणीही महत्त्वाची असते, हा तो विचार. औषध शरीरातील नेमक्या रेणूवर कसे काम करते, हे समजावताना आजही याच विचारापासून सुरुवात केली जाते.

याच सुमारास त्यांचे दुसरे मोठे काम आकाराला येत होते. लघवीतील युरिक आम्ल, चहा-कॉफीतील कॅफीन, कोकोतील थिओब्रोमिन हे पदार्थ वरवर पाहता परस्परांशी असंबद्ध. हे सर्व एकाच सांगाड्यावर उभे असल्याचे फिशर यांनी दाखवले आणि त्या सांगाड्याला प्युरिन हे नाव दिले. १८९५ साली त्यांनी कॅफीनचे, तर १८९८ साली खुद्द प्युरिनचे संश्लेषण केले. ॲडेनिन आणि ग्वानिन याच कुळातील. डीएनएच्या चार अक्षरांपैकी ही दोन अक्षरे आहेत, हे जगाला पुढे उमगले. शर्करा आणि प्युरिने यांवरील कार्यासाठी १९०२ साली फिशर यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हे पारितोषिक मिळवणारे ते दुसरेच शास्त्रज्ञ. त्यांचे गुरू बायर यांना हा सन्मान त्यानंतर तीन वर्षांनी लाभला.

पारितोषिकानंतर थांबण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. १८९९ पासूनच त्यांनी प्रथिनांकडे मोर्चा वळवला होता. प्रथिनांचे विघटन केले, की अमिनो आम्लांचे मिश्रण मिळते. ती वेगळी करण्याची नवी पद्धत त्यांनी काढली. एका अमिनो आम्लाचा अमिनो गट दुसऱ्याच्या आम्लगटाशी जोडला जातो, त्यातून पाण्याचा रेणू बाहेर पडतो आणि माळेतील मण्यांप्रमाणे साखळी वाढत जाते, असे त्यांनी व फ्रान्झ हॉफमाइस्टर यांनी १९०२ साली एकाच परिषदेत स्वतंत्रपणे मांडले. हा दुवा म्हणजेच पेप्टाइड बंध. १९०७ साली फिशर यांनी १५ ग्लायसिन आणि ३ ल्युसिन अशा १८ मण्यांची माळ हाताने ओवली. अर्थात, प्रथिनांच्या खऱ्या आकाराचा अंदाज मात्र त्यांना आला नाही. प्रथिनांचे रेणुभार साधारण ५,००० च्या पलीकडे जात नसावेत, असे त्यांचे मत होते. प्रत्यक्षात रक्तातील हिमोग्लोबिनचाच रेणुभार सुमारे ६४,५०० आहे. कुलूप-किल्लीच्या कल्पनेतही १९५८ साली डॅनियल कॉशलंड यांनी सुधारणा केली. किल्ली शिरताना कुलूपही आपला आकार थोडा बदलते, असे त्यांनी मांडले.

विजयाची किंमत

प्रयोगशाळेतील या यशाला एक दुसरी बाजू होती. ज्या फेनिल हायड्राझिनने शर्करांचे रहस्य उघडले, ते अत्यंत विषारी आहे. त्वचेतून आणि श्वासावाटे ते शरीरात जाते आणि रक्तपेशींवर आघात करते. त्या काळी हातमोजे आणि वायुवीजनाच्या सोयी तुटपुंज्या होत्या. या पदार्थाच्या वर्षानुवर्षांच्या सहवासाने फिशर यांना पोटाचे विकार आणि त्वचारोग जडले व ते अखेरपर्यंत पुरते सुटले नाहीत.

घरातील सुखही अल्पजीवी ठरले. १८८८ साली एर्लांगेनमधील शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक गेर्लाख यांची कन्या ॲग्नेस हिच्याशी त्यांचा विवाह झाला होता. सातच वर्षांत, १८९५ साली, तिचे निधन झाले. तीन लहान मुलगे मागे राहिले. फिशर यांनी पुन्हा विवाह केला नाही.

प्रयोगशाळेचा प्रमुख म्हणून ते शिस्तप्रिय होते आणि आपल्या काळाच्या मर्यादाही त्यांना होत्या. १९०७ साली भौतिकशास्त्रज्ञ लिझ माइटनर बर्लिनला आल्या, तेव्हा स्त्रियांना प्रयोगशाळेत प्रवेश देण्यास फिशर तयार नव्हते. तळघरातील जुन्या सुतारकामाच्या खोलीत, वेगळ्या दाराने ये-जा करून ओटो हान यांच्यासोबत काम करण्याची मुभा तेवढी त्यांनी दिली. १९०८ साली प्रशियातील विद्यापीठे स्त्रियांना खुली झाली आणि फिशर यांनी ही बंदी उठवली. पुढे तर ते माइटनर यांचे पाठीराखे बनले. ओटो वारबुर्ग, ओटो डील्स आणि रक्तगटांचे शोधक कार्ल लँडस्टायनर हे पुढे नोबेल मिळवणारे शास्त्रज्ञ कधी ना कधी फिशर यांच्या हाताखाली तयार झाले होते. योसेफ फॉन मेरिंग यांच्यासह १९०३ साली त्यांनी ‘व्हेरोनाल’ हे झोपेचे औषध पुढे आणले. बार्बिट्युरेट कुळातील हे पहिले औषध. या कुळाने असंख्यांना झोप दिली. मात्र त्याचे व्यसन आणि अतिसेवनाने होणारे मृत्यू ही नवी समस्याही निर्माण केली.

१९१४ साली महायुद्ध पेटले. जर्मनीच्या कृतीचे समर्थन करणाऱ्या ९३ विद्वानांच्या जाहीरनाम्यावर फिशर यांची सही होती. तिचा त्यांना नंतर पश्चात्ताप झाला. नाकेबंदीमुळे चिलीहून येणारे सोरामीठ बंद झाल्यावर स्फोटकांसाठी लागणारे नायट्रिक आम्ल देशातच तयार करणे, तसेच अन्न आणि कच्च्या मालाला पर्याय शोधणे या कामांत त्यांनी पुढाकार घेतला. युद्ध लांबत गेले. सक्तीच्या लष्करी सेवेच्या ताणाने खचलेल्या एका मुलाने वयाच्या पंचविशीत आत्महत्या केली. दुसऱ्याला लष्करी सेवेत असताना मृत्यू आला. १९१८ साली जर्मनी हरली, तेव्हा पासष्टी ओलांडलेले फिशर शरीराने आणि मनाने पार थकले होते. त्यातच आतड्याच्या कर्करोगाचे निदान झाले. १५ जुलै १९१९ रोजी बर्लिन येथे त्यांचे निधन झाले. त्यांनी स्वतःच जीवनयात्रा संपवली, असे त्यांचे अनेक चरित्रकार सांगतात.

तिघांतला एकच मुलगा, हर्मन, मागे उरला. त्याने वडिलांचाच विषय निवडला. पुढे जर्मनी सोडून तो कॅनडात आणि नंतर अमेरिकेतील बर्कले येथे कॅलिफोर्निया विद्यापीठात जीवरसायनशास्त्राचा प्राध्यापक झाला व १९६० साली निधन होईपर्यंत शर्करांवरच काम करत राहिला. फिशर यांनी १८ मण्यांपर्यंत आणून सोडलेली माळही पुढे इतरांनी ओवली. १९५५ पर्यंत फ्रेडरिक सँगर यांनी इन्शुलिनमधील ५१ अमिनो आम्लांची संपूर्ण रचना उलगडली आणि १९६३ साली ब्रूस मेरिफिल्ड यांनी पेप्टाइड जलद बनवण्याची पद्धत शोधली. मधुमेही रुग्ण आज टोचून घेत असलेल्या इन्शुलिनच्या रेणूत एकेका अमिनो आम्लाला जोडणारा दुवा, एमिल फिशर यांनी बर्लिनच्या प्रयोगशाळेत ओळखलेला तोच पेप्टाइड बंध आहे.