मार्जोरी वॉरेन
डॉ. मार्जोरी वॉरेन (इ.स. १८९७ – इ.स. १९६०) या आधुनिक वार्धक्यवैद्यकाच्या जननी मानल्या जाणाऱ्या ब्रिटिश डॉक्टर होत्या. इ.स. १९३५ मध्ये लंडनच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयाने शेजारच्या निराधारगृहातील ७१४ रुग्ण आपल्याकडे घेतले व त्यांची जबाबदारी वॉरेन यांच्यावर आली. त्यांतील बरेच वृद्ध निदानाविना वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेले होते. वॉरेन यांनी प्रत्येकाला तपासून हालचाल, मलमूत्रावरील ताबा व मानसिक स्थिती यांनुसार त्यांचे गट पाडले. अनेकांची दुर्बलता वयापेक्षा पडून राहण्यानेच वाढली होती. उपचार व चालण्याचा सराव यांमुळे कित्येकजण घरी परतले आणि खाटा सुमारे २४० वर आल्या. दीर्घकालीन निगेतील वृद्धांच्या दुर्बलतेचे आजचे मूल्यमापन याच पद्धतीतून विकसित झाले. वॉरेन यांचे निधन मोटार अपघातात झाले.