सुई आणि लेखणी

मैत्रिणींनो, मॅटीच्या कापडावर फुलीटाक्याने अक्षरं भरलेली आठवतात? पूर्वी इंग्लंडमध्ये मुलींकडून असा नमुना हमखास भरून घेत. त्याला म्हणतात सॅम्पलर. टाकेही शिकून होतात, अक्षरंही गिरवून होतात आणि पोरीला एका जागी बसायची सवय लागते, असा मोठ्यांचा हिशेब! हॉवर्थ गावच्या संग्रहालयात १८२९ सालचा असाच एक सॅम्पलर आहे. त्यावर बायबलमधली वचनं आहेत आणि भरणारीचं नाव आहे – शार्लट ब्राँटे. होय, ‘जेन एअर’ कादंबरीची लेखिका!

शार्लटचा जन्म १८१६चा. वडील चर्चमध्ये धर्मोपदेशक, मिळकत बेताची. ती पाच वर्षांची असताना आई गेली. दोन मोठ्या बहिणी बोर्डिंगच्या शाळेत आजारी पडल्या आणि १८२५मध्ये दगावल्या. मावशीने घर सांभाळलं आणि भाच्यांच्या हाती सुई दिली.

पण गंमत बघा! त्याच सुमारास ही भावंडं आगपेटीएवढाली पुस्तकं करत होती. अक्षर इतकं बारीक की वाचायला भिंग हवं. आणि पानं शिवायची कशाने? सुईदोऱ्यानेच! त्यातलं १८३० सालचं एक पुस्तक २०१९मध्ये पॅरिसच्या लिलावात सहा लाख युरोंना घेऊन हॉवर्थला परत आणलं गेलं.

तरुणपणी तिने राजकवी सदी यांना कविता पाठवल्या. साहित्य हे काही बाईचं काम नव्हे, असं १८३७मध्ये त्यांचं उत्तर आलं. पुढे तिने परक्या घरी राहून मुलं शिकवली, वर त्या घरचं ढीगभर शिवणकामही केलं. लिहिणं मात्र सोडलं नाही. १८४७मध्ये ‘करर बेल’ या टोपणनावाने ‘जेन एअर’ छापून आली आणि गाजली. बायकांनी फक्त रांधावं, विणावं, भरतकाम करावं हे म्हणणं कोतेपणाचं आहे, असं त्यात तिने ठणकावलंय.

नंतर आठ-नऊ महिन्यांतच भाऊ आणि दोन्ही धाकट्या बहिणी गेल्या. तरी ती लिहीत राहिली. १८५४मध्ये लग्न झालं आणि पुढच्याच वर्षी, गरोदर असताना, अवघ्या अडतिसाव्या वर्षी तिचाही अंत झाला.

तिचं भांडण सुईशी नव्हतंच. सुईपलीकडे बाईला काही नको, असं म्हणणाऱ्यांशी होतं. तेव्हा लेकीला भरतकाम शिकवाल ना, तर खाली तिचं नाव आणि साल जरूर भरायला सांगा. आणि शेजारी वही-पेनही ठेवा!