शॉकअपमधला रॉबर्ट हूक

आपल्या पार्किंगमध्ये हल्ली स्पोर्ट्स बाईक्स बऱ्याच दिसतात. मागच्या मोनोशॉकवर खाचा असलेली जी रिंग असते, ती फिरवली की नक्की काय होतं असं हॉस्टेलमध्ये कुणालाही विचारा. उत्तर एकच, स्प्रिंग कडक होते. चूक! स्प्रिंग होती तेवढीच कडक राहते. समजा स्प्रिंगचा रेट ९० न्यूटन प्रति मिलिमीटर आहे आणि रिंग फिरवून आपण ती १० मिमी आधीच दाबून ठेवली. आता ९०० न्यूटनचा भार येईपर्यंत शॉकअप हलणारच नाही, पण त्यानंतर प्रत्येक मिलिमीटरला पुन्हा ९०च न्यूटन लागतात. बदलतं काय, तर आपण बसल्यावर गाडी किती खाली बसते ते, म्हणजे सॅग. स्पोर्ट्स बाईकला मागे रायडरसकट साधारण ३० ते ३५ मिमी सॅग ठेवतात. जास्त झाला तर मागची बाजू बसते, पुढचं चाक हलकं पडतं आणि वळणावर गाडी बाहेर बाहेर ओढते. कमी झाला तर खड्ड्यात उतरायला चाकाला जागाच उरत नाही.

हे सगळं गणित ज्या एका नियमावर उभं आहे तो रॉबर्ट हूकचा. आपण त्याला ताण आणि विकृतीच्या ग्राफवरची एक सरळ रेघ म्हणून ओळखतो, दोन मार्कांपुरता. (रिंग फिरवायच्या पान्याला हुक स्पॅनर म्हणतात, त्याचा याच्याशी काही संबंध नाही!)

हूकचा जन्म १८ जुलै १६३५ चा, इंग्लंडच्या दक्षिणेला आईल ऑफ वाईट नावाच्या बेटावर. वडील चर्चमध्ये धर्मोपदेशक. मुलगा आजारी, सारखं डोकं दुखायचं, म्हणून शाळा अशी नीट झालीच नाही. पण त्याने पितळी घड्याळ खोललेलं पाहिलं आणि तसंच लाकडाचं बनवलं, आणि ते चाललं. १३ वर्षांचा असताना वडील गेले. लंडनला एका चित्रकाराकडे उमेदवारीला राहिला, तिथे रंगांच्या वासाने डोकं उठायचं. मग वेस्टमिन्स्टर शाळा. सोळाव्या वर्षाच्या सुमारास त्याची पाठ वाकायला लागली आणि ती कायमची वाकडी राहिली. स्वतः तो याचं कारण सांगायचा लेथवर तासन् तास वाकून केलेलं काम! वर्कशॉपच्या जॉबला कंटाळणाऱ्यांनी हे वाचून लगेच मेडिकल सर्टिफिकेट मागू नये.

पुढे ऑक्सफर्डला तो रॉबर्ट बॉईलचा असिस्टंट झाला. बॉईलचे हवेवरचे प्रयोग ज्या एअर पंपवर झाले, तो पंप चालता करणारे हात हूकचे होते. १६६२ मध्ये रॉयल सोसायटीने त्याला प्रयोगांचा क्युरेटर नेमलं. काम काय, तर दर आठवड्याच्या सभेत तीन-चार नवे प्रयोग करून दाखवायचे. सुरुवातीला पगार नाही. आपल्याला सेमिस्टरला दहा प्रॅक्टिकल जड जातात!

गाड्यांच्या सस्पेन्शनशी त्याचा संबंध नुसता नियमापुरता नाही, हे मला हा लेख लिहिताना कळलं. १ मे १६६५ ला सोसायटीची मंडळी लंडनजवळ कर्नल ब्लंट यांच्या घरी जमली होती. घोडागाडीचे हादरे कमी कसे करायचे याची तिथे चाचणी होती आणि हूक त्यात होता. सॅम्युएल पेपिसने त्या दिवसाची नोंद डायरीत करून ठेवली आहे. त्याच उन्हाळ्यात लंडनमध्ये प्लेगची साथ आली, सोसायटी पांगली, आणि हूक दोन मित्रांबरोबर एप्समला जाऊन पुन्हा गाड्यांवरच प्रयोग करत बसला.

त्याच वर्षी त्याचं मायक्रोग्राफिया हे पुस्तक आलं. बुचाच्या पातळ कापात दिसलेल्या कप्प्यांना त्याने सेल म्हटलं, तो शब्द आपण अजून वापरतो. पण आपल्या बुलढाणा जिल्ह्यासाठी त्यातली शेवटची पानं जास्त महत्त्वाची. चंद्रावरचे खड्डे कसे झाले असतील हे पाहायला त्याने ओल्या मातीत बंदुकीच्या गोळ्या टाकल्या, आणि दुसरीकडे अलाबास्टरची पूड उकळून फुटणारे बुडबुडे पाहिले. दोन्हीत खड्डे मिळाले. त्याने दुसरं उत्तर निवडलं, कारण वरून येऊन आदळायला आकाशात काही असेल असं तेव्हा कुणाला माहीतच नव्हतं. पहिला लघुग्रह सापडला १८०१ मध्ये. आपल्या लोणारलाही लोक कितीतरी वर्षं ज्वालामुखीच समजत होते. उल्केच्या आघाताचा भक्कम पुरावा १९७३ मध्ये छापून आला. शेगावहून खामगाव, मेहकर करत लोणारला बाईकने जाल तर एकाच ट्रिपमध्ये हूकचे दोन विषय होतात, एक सीटखाली आणि एक काठावर उभं राहिल्यावर.

१६६६ च्या आगीत लंडन जळालं. हूक शहराचा सर्व्हेअर झाला. जळालेल्या प्लॉटच्या हद्दी आखून देणं, भांडणं मिटवणं, यात वर्षं गेली. या कामाचे पैसे मात्र चांगले मिळाले.

स्प्रिंगचा नियम १६७६ चा. पण त्याने तो सांगितला नाही! एका पुस्तकाच्या शेवटी फक्त १४ अक्षरं एबीसीडीच्या क्रमाने छापली. म्हणजे दुसऱ्याने शोधलं तर मी आधीच लिहिलंय असं म्हणता येईल, आणि तोवर कुणाला कळणार नाही. दोन वर्षांनी, १६७८ मध्ये, त्याने कोडं उलगडलं: ताणाच्या प्रमाणात बल. त्याचे प्रयोग कुणालाही करता येतील असे होते. गुंडाळलेली तार, घड्याळाची स्प्रिंग, छतापासून लोंबणारी वीस-तीस फुटांची तार, खाली पारडं, त्यात वजनं. हेलकावा लहान-मोठा असला तरी तीच स्प्रिंग तो तेवढ्याच वेळात घेते असंही त्याने मांडलं. हेलकावा थांबवणारं तेल मात्र त्याच्या नियमात नाही, त्यासाठी डॅम्पिंगचा वेगळा स्क्रू असतो.

ही लपवालपवी त्याला महागात पडली असं माझं मत आहे. १६७५ मध्ये हायगेन्सने स्पायरल स्प्रिंगचं घड्याळ जाहीर केलं तेव्हा हूक चिडून म्हणत राहिला की हे माझं. पण छापलेलं हातात काहीच नव्हतं. गुरुत्वाकर्षणाचंही तसंच. १६७९-८० मध्ये न्यूटनशी पत्रव्यवहार झाला, कल्पना हूककडे होती, पण गणित न्यूटनने केलं, आणि गणित केलं त्याचं नाव झालं. यात न्यूटन मनाने मोठा वागला असंही नाही. त्याने प्रिन्सिपियात हूकचे उल्लेख कमी करत आणले.

३ मार्च १७०३ ला हूक वारला. लग्न केलेलं नव्हतं, शेवटची वर्षं आजारात आणि चिक्कूपणात गेली. खोलीत एक पेटी निघाली, त्यात हजारो पौंड. सोसायटीला इमारत आणि लॅब बांधून द्यायचं तो बोलायचा, पण मृत्युपत्रावर सही राहून गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये न्यूटन सोसायटीचा अध्यक्ष झाला. आज हूकचं खात्रीचं एकही चित्र उपलब्ध नाही. न्यूटनने ते फेकून दिलं अशी गोष्ट सांगतात, त्याला पुरावा नाही.

२००६ मध्ये इंग्लंडमधल्या एका घराच्या कपाटातून हूकच्या हस्ताक्षरातल्या सोसायटीच्या जुन्या नोंदींची मोठी थप्पी निघाली. त्यात १६७० मध्ये त्याने सभेपुढे घड्याळ दाखवल्याची नोंद सापडली. हायगेन्सच्या पाच वर्षं आधीची.